भांडण वर्गमित्राशी, आजार त्याच्या मुलीचा

मिरजेहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

'आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी लाडकी बहीण योजनेवरून माझं आणि सुहासचं (नाव बदललं आहे) जोरदार वाजलं. महिन्याला पंधराशे रुपये घेणाऱ्यांना तो "फुकट्या बायका" म्हणाला. माझी धाकटी जाऊ ते पैसे घेते, मी गप्प बसले नाही. त्याने माझ्या उत्तराचा स्क्रीनशॉट माझ्या फोटोसकट फेसबुकवर टाकला. अनोळखी लोकांनी खाली नको नको ते लिहिलं, शाळेतल्या पालकांपर्यंत ते गेलं. त्याने माफी मागितली नाही, पोस्ट अजून तिथेच आहे. आता ग्रुपवर आवाहन आलंय. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर निघाला, कागदावर एएलएल असं लिहिलंय. पुण्यात ॲडमिट आहे, बारा लाख लागणार आहेत, खाली क्यूआर कोड. एकाने लिहिलं, "आता पक्षाकडेच माग की." त्यावर हसण्याच्या इमोजी पडल्या, त्यात एक माझी. मग तेच आवाहन गावाकडच्या ग्रुपवर आलं, पण त्यात नंबर वेगळा. मिस्टर म्हणतात, एक पैसा द्यायचा नाही. इकडे ग्रुपवर देणाऱ्यांची यादी रोज वाढतेय. मी काय करू?'

ताई,

तुमच्या बाबतीत जे झालं ते नुसतं भांडण नव्हतं, हे आधी सांगते. ग्रुपमधलं बोलणं फोटोसकट चव्हाट्यावर मांडायचं आणि लोक तुटून पडले तरी गप्प राहायचं, याला मतभेद म्हणत नाहीत. शाळेत शिकवणाऱ्या बाईला ते पुढे कितीतरी दिवस भोगावं लागतं. त्यामुळे 'लेकरू आजारी आहे, झालं गेलं विसरा' असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्या हिशेबाकडे मी शेवटी येते. पण तो हिशेब सुहासशी आहे, त्याच्या मुलीशी नाही.

द्यायचं की नाही, हे ठरवताना दोनच गोष्टी बघा. आजार खरा आहे का, आणि पैसा उपचारापर्यंत पोचतोय का. दोन्ही खरं निघालं तर झेपेल तेवढं द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. घरखर्चात हात आखडता असेल तर नका देऊ, त्याची लाज वाटायचं कारण नाही. फक्त न देण्याचं कारण ती फेसबुक पोस्ट असू नये. तुमचं पत्र वाचताना मला वाटलं, तुम्हालाही ते कारण पटत नाहीये, नाहीतर तुम्ही लिहिलंच नसतं.

वेगळा नंबर दिसला म्हणजे फसवणूकच, असं समजू नका. मी जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली, असे घोळ खूप पाहिले. बापाचा फोन दिवसभर डॉक्टर, लॅब, नातेवाईक यांच्यात अडकलेला असतो. मग मेहुणा किंवा चुलतभाऊ स्वतःचा नंबर घालून मजकूर पुढे पाठवतो. पण लुबाडणारेही नेमकं हेच करतात: आवाहन खरं, फोटो खरा, रिपोर्ट खरा, बदललेला असतो तो फक्त क्यूआर कोड. तेव्हा आवाहनातल्या नंबरवर चौकशी करण्यात अर्थ नाही, तो उचलणारा 'हो, खरंय' असंच सांगणार. सुहासचा किंवा त्याच्या बायकोचा जो नंबर तुमच्याकडे कित्येक वर्षं सेव्ह आहे, त्यावर फोन करा. त्याच्याशी बोलायला जड जात असेल तर बायकोला करा. त्यांच्याकडून खर्चाचं अंदाजपत्रक मागवा. त्यावर रुग्णालयाचं लेटरहेड, मुलीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, निदान, उपचार कोणता, तारीख आणि डॉक्टरची सही-शिक्का हवा. तारीख मुद्दाम पाहा. रक्त हवंय, मदत हवीय असे बिनतारखेचे मेसेज गरज संपून वर्षं झाली तरी फिरत राहतात.

क्यूआर स्कॅन केलात तर पिन टाकण्याआधीचा स्क्रीन नीट वाचा. ज्याच्या खात्यात पैसे चाललेत त्याचं बँकेत नोंदवलेलं नाव तिथे येतं. ते आईबापांपैकी कुणाचं किंवा रुग्णालयाचं नसेल तर तिथेच थांबा आणि फोन करून विचारा हा माणूस कोण. याहून चांगली वाट म्हणजे रुग्णालयाच्या बिलिंग विभागात मुलीच्या नोंदणी क्रमांकावर थेट रक्कम भरणं. रुग्णालयाचा नंबर त्यांच्या वेबसाइटवरून घ्या. ते तुम्हाला आजाराबद्दल काही सांगणार नाहीत, सांगूही नये. पण त्या क्रमांकावर पैसे भरता येतात का, हे सांगतील. यात सुहासचाही फायदा आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांच्या वर रक्कम खात्यात आली तर ती करपात्र धरली जाऊ शकते, हे फार कमी कुटुंबांना माहीत असतं. त्याने एखाद्या सीएला वेळेवर विचारून ठेवलेलं बरं. मिस्टर विचारतील म्हणून सांगते, एखाद्या माणसाला थेट दिलेल्या मदतीवर आपल्याला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. आवाहन निधी उभारणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर असेल तर रकमेखाली त्या कंपनीसाठी 'टिप' आधीच भरलेली असते का ते बघा. ती शून्य करता येते. आणि त्या दुसऱ्या नंबरच्या मागे खरोखरच चोर निघाला तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा, पैसे गोठवायला वेळ फार थोडा मिळतो.

खात्री होईपर्यंत ग्रुपवर 'हे फेक वाटतंय' असं मात्र लिहू नका. ३० एप्रिल २०२१ ला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लोक ऑक्सिजन आणि बेडसाठी ट्विटरवर हाका मारत होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना बजावलं होतं की नागरिकांनी इंटरनेटवर मांडलेलं गाऱ्हाणं खोटंच आहे असं गृहीत धरून कारवाई केलीत तर तो न्यायालयाचा अवमान मानू. ते आदेश सरकारांना होते. पण शंका आधी खाजगीत विचारायची आणि मगच चारचौघांत बोलायचं, एवढं आपणही पाळू शकतो. 'फेक' हा शब्द एकदा पडला की देणारे हात आखडतात, आणि नंतर खुलासा केला तरी तो कुणी वाचत नाही.

आता ती यादी. असल्या याद्या मला मुळीच आवडत नाहीत. एकजण लिहितो '१. अमुक – ५०००', पुढचा ते कॉपी करून खाली स्वतःचं नाव जोडतो, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे डोळे असतात ते यादीत कोण नाही याच्यावर. ज्याच्या मुलाची फी थकलीय तो उसने काढून दोन हजार टाकतो. तुमच्या बाबतीत तर आणखी अवघड, कारण तुमचं नाव आलं की 'बघा, केवढं मोठं मन' आणि नाही आलं की 'अजून राग धरून बसलीय', असं दोन्हीकडून बोललं जाणार. यादीत नाव घालू नका. द्यायचे ते थेट द्या, पावतीचा फोटो सुहासच्या बायकोला पाठवा. ॲडमिनशी तुमचं बरं असेल तर त्याला सांगा की नावं-रकमा काढून फक्त एकूण जमा रक्कम टाकत जा.

मिस्टरांपासून लपवून मात्र देऊ नका. तुमच्यावर लोक तुटून पडले तेव्हा घरात तुमच्या बाजूने तेच उभे होते ना? त्यांचा राग तुमच्यासाठीचा आहे. अंदाजपत्रक त्यांना दाखवा, चौकशीचा फोन त्यांनाच करू द्या. मुलीचं नाव आणि वय कागदावर वाचलं की बहुतेक माणसांचा सूर बदलतो. नाही बदलला, तर तुमच्या पगारातून किती द्यायचे, हे तुम्ही त्यांच्यासमोर ठरवा.

किती द्यायचे? इथे आजार समजून घ्यावा लागेल. एएलएल हा लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर. उपचार पूर्ण झाले तर बहुतेक मुलं बरी होतात, पण ते उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिला महिना-सव्वा महिना सर्वांत कठीण असतो. मग आणखी केमो, आणि शेवटी लांबलचक मेंटेनन्स, म्हणजे आजार उलटू नये म्हणूनचा उपचार, त्यात गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, पुण्याच्या फेऱ्या. आवाहनाला पैसे येतात ते पहिल्या आठ-पंधरा दिवसांत. सहा महिन्यांनी ग्रुपवर सुप्रभातचे फोटो परत सुरू होतात आणि तिकडे आई औषधाच्या दुकानात उभी राहून कुठली गोळी या आठवड्यात पुढे ढकलावी याचा विचार करत असते. मूल जरा बरं दिसायला लागलं, पैसे संपले, बापाचा धंदा बसला, म्हणून उपचार मध्येच सुटतो आणि आजार उलटतो. आपल्याकडे मुलं गमावण्याचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून तुम्ही आज दहा हजार देणार असाल तर त्याऐवजी दर महिन्याला पाचशे रुपये, उपचार संपेपर्यंत, असं ठरवा. बॅचमधले दहा-वीस जण जरी असे तयार झाले तरी त्या घराला महिन्याचा आधार होईल.

पैशापेक्षा मोठं काम तुमच्यासारखी माणसं करू शकतात, ते कागदांचं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून रेशनकार्ड असलेल्या सगळ्या कुटुंबांना, म्हणजे पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, आणि कर्करोग त्यात येतो. पण ही योजना अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेल्या, रुग्णालयातच चालते, मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते, आणि खिशातून भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. लोक नेमके इथेच चुकतात. आधी दागिने मोडतात, आवाहनं टाकतात, आणि डिस्चार्जनंतर कुणीतरी सांगतं की अरे, योजना होती की. मुलगी ज्या रुग्णालयात आहे ते योजनेत आहे का, हे १५५३८८ वर किंवा तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर आजच विचारायला लावा. नसेल, तर योजनेतल्या रुग्णालयात हलवणं कितपत सुरक्षित, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येईल. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये. सुहाससारखा छोटं दुकान चालवणारा माणूस दुसऱ्या गटात सहज बसू शकतो. तहसीलदाराचा दाखला काढायला मिरजेत कुणीतरी खेटे घातले पाहिजेत, ते सुहासला पुण्यातून जमणार नाही. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीही आहे. त्याची उत्पन्नमर्यादा कमी आहे, आणि तिथेही अर्ज उपचार चालू असतानाच करायचा असतो, पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात.

आणखी एक. मिरज-पुणे रेल्वेने उपचाराला जाताना कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबत जाणाऱ्याला ७५ टक्के. डॉक्टरचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. आणि केमो सुरू झाली की प्लेटलेट्स उतरतात. त्या पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून ऐन वेळी दाता लागतो. तुमच्या बॅचचे पुण्यात नोकरीला असलेले कोण कोण आहेत, त्यांचे रक्तगट आणि नंबर एका कागदावर लिहून त्या माउलीला पाठवा. ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनाही मान खाली घालावी लागणार नाही.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुलीच्या फोटोबद्दलही बोलते. आवाहनासोबत तिचा हाताला सलाइन लावलेला फोटो आणि पूर्ण रिपोर्ट फिरतोय, असं तुम्ही पत्रात लिहिलंय. अकरा वर्षांची मुलगी दोन वर्षांनी परत शाळेत जाणार आहे. तिच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या घरच्या मोबाइलमध्ये तो फोटो असेल. तुम्ही स्वतः हे सोसलंय, आपलं चित्र आपल्याला न विचारता गावभर फिरतं तेव्हा काय होतं, हे तुमच्याइतकं त्या ग्रुपमध्ये कुणाला कळणार? तिच्या आईला सांगा की फोटो काढून टाका, रिपोर्टवरचं नाव झाका, ज्याला खात्री हवी त्याला अंदाजपत्रक वेगळं पाठवा. पैसे कमी येणार नाहीत.

राहिला तो 'पक्षाकडे माग' मेसेज आणि तुमची इमोजी. सुहास त्या ग्रुपमध्ये आहे. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर रात्री दोन वाजता माणूस फोनच चाळत बसतो, त्याने ते वाचलं असणार. इमोजी काढून टाका, आज. ग्रुपवर त्याचं निवेदन द्यायची गरज नाही. ज्याने लिहिलं त्याला एकट्याला फोन करून मेसेज काढायला सांगा. नाही ऐकलं तर ॲडमिनला कुणाचाही मेसेज काढता येतो. भांडण सुहासशी तुमचं झालं होतं, त्यामुळे तुम्ही सांगितलेलं तो मेसेज लिहिणारा ऐकेल.

पत्रात तुम्ही पक्षाचं नाव लिहिलं होतं, ते मी गाळलं. त्या जागी दुसरं कुठलंही नाव घातलं तरी माझा सल्ला हाच राहील. पण यापुढे ग्रुपवर 'राजकारण नको' असा नियम करावा का, असं तुम्ही विचारलंय, त्याला माझं उत्तर नाही असं आहे. एका दुकानदाराला मुलीच्या केमोसाठी दहावीच्या मित्रांपुढे हात पसरावा लागतो, हे राजकारणच आहे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून करत होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं म्हटलं होतं. यावर भांडायला हवं, कडाडून भांडायला हवं, आणि त्यात सगळ्या पक्षांना ओढायला हवं. फक्त ते भांडण सुहासच्या आवाहनाखाली नको आणि आत्ता नको. त्याला टोमणा मारणाऱ्याला योजनांची, खाटांची, औषधांच्या किमतीची काही पडलेली नाही, त्याला जुना हिशेब चुकता करायचाय.

सुहास आता स्वतः सरकारी योजनेच्या रांगेत उभा राहील तेव्हा 'फुकटे' हा त्याचाच शब्द त्याला टोचणार आहे. माझी भीती अशी आहे की त्या शब्दाच्या लाजेपायी तो अर्जच करणार नाही. म्हणून तो शब्द तुमच्या तोंडून चेष्टेतही यायला नको. उलट योजनेची माहिती देताना त्याच्या बायकोला सरळ सांगा की हा कराचा पैसा आहे, तुम्हीही तो इतकी वर्षं भरलाय, हक्काने घ्या. आणि या सगळ्यानंतर त्याची मतं बदलतील अशी वाट बघू नका. कदाचित तो पुढच्या निवडणुकीत तेच लिहील. मदतीच्या बदल्यात त्याचं मत मागायचं नाही, तुमचंही बदलायचं नाही. तुमच्या जावेच्या पंधराशे रुपयांबद्दल तुम्ही जे बोललात ते तेव्हाही तुमचं मत होतं, आजही असू द्या.

आता तो हिशेब. ती फेसबुक पोस्ट त्याने काढली पाहिजे, आणि ते मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पहिला महिना-सव्वा महिना जाऊ द्या. मुलगी घरी आली, जरा स्थिर झाली की दोन ओळींचा मेसेज करा: 'माझा फोटो आणि मेसेज असलेली तुझी नोव्हेंबर २०२४ ची पोस्ट काढून टाक. त्याचा मला शाळेत त्रास झाला.' एवढंच. त्यात 'मी एवढं केलं' नको, मुलीचा उल्लेखही नको. त्याने काढली तर उत्तम. नाही काढली, तर फेसबुकला त्या पोस्टची तक्रार करा आणि खाली अश्लील लिहिणाऱ्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, पोलिसांत जायची वेळ आली तर लागतील. त्याचं उत्तर काहीही येवो, महिन्याचे पाचशे रुपये चालू ठेवा.